काळोखीची खिडकी

आमच्या घरी येणारा माणूस आजकाल मागच्या दारानं येतो. त्यात त्याची काही चूक नाही. रस्ता घराच्या पाठीमागून गेलाय, मोटारी तिकडूनच येतात, आणि पाहुण्याला पहिलं दर्शन होतं ते आमच्या न्हाणीघराचं आणि वाळत घातलेल्या पातळांचं. पण माझ्या पणजोबांनी हे घर बांधलं तेव्हा इथे रस्ता नव्हताच. शिरोड्याच्या अलीकडे खाडी वळून जिथे बागेला खेटते तिथे त्यांनी जोतं घातलं. नारळ, सुपारी, केळी, सगळं होडीतून जायचं, माणसं होडीतून यायची, म्हणून घराचं तोंड पाण्याकडे. चिऱ्याच्या रुंद पायऱ्या थेट भरतीच्या पाण्यात उतरतात. आता त्यांच्यावर शेवाळ असतं आणि खेकडे ऊन खात बसतात. एवढं देखणं तोंड असलेल्या घराची लोक पाठ बघून परत जातात याचा मला अजून राग येतो.

पणजोबा तरुणपणी गोव्यात एका मोठ्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, बागेत मुकादम होते. तिथून येताना त्यांनी पैसा किती आणला ते देव जाणे, पण डोक्यात एक घर मात्र आणलं, आणि सोबत एक गवंडी. पुढचा अर्धा भाग त्या गवंड्यानं गोव्याच्या पद्धतीनं बांधला. दाराबाहेर दोन्ही बाजूंना बसायला चिऱ्याची बाकं, त्याला तिकडे बल्कांव म्हणतात. आत उंच छताची बैठकीची खोली आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन. त्यातून दुपारचं ऊनसुद्धा ताकासारखं पांढुरकं होऊन आत यायचं. मागचा अर्धा भाग मात्र पणजीनं आपल्या मनासारखा करून घेतला. सारवलेली जमीन, बुटकी दारं, फणसाचे खांब, माडाचे वासे, धुरानं काळं झालेलं स्वयंपाकघर. ती म्हणाली होती म्हणे, की पुढे तुमचे पाहुणे बसवा, मला चुलीसमोर पाय पसरून बसायला माती हवी. गावातले लोक आमच्या घराला ‘पुढसून पाद्री, पाठसून गावकार’ म्हणायचे. आम्हां मुलांना त्याचं वाईट वाटायचं, कारण ते खरंच होतं.

दोन्ही भागांच्या डोक्यावरून एकच लांबलचक माळा गेलेला होता आणि त्यावर नारळ साठवलेले असत. उंदरानं धक्का दिला की एखादा नारळ सुटायचा आणि फळ्यांवरून गडगडत जायचा, बैठकीवरून निघून माजघरावर, मग स्वयंपाकघरावर, आणि शेवटी मागच्या भिंतीला आपटून थांबायचा. नवखा पाहुणा दचकून उठायचा. आम्ही ताटातली पेज ओरपत वर न बघता सांगायचो, आता कुठे पोचला. सुक्या खोबऱ्याचा तेलकट वास घरात बारा महिने असे. त्यात सकाळी घावण्यांचा, दुपारी भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास मिसळायचा, आणि शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणायची की तुझ्या वहीलासुद्धा तुमच्या घराचा वास येतो. मी तेव्हा चिडायचे. आता ती वही मिळाली तर उशाशी घेऊन झोपेन.

घराचा पुढचा आणि मागचा भाग जिथे जोडला होता तिथे एक खोली होती. तिला सगळे काळोखी म्हणत. बाहेरच्या बाजूला सुपारीची बाग होती, म्हणजे खिडकीला जागा होती, पण खिडकी नव्हती. दार माजघरात उघडायचं, आणि माजघरातच मुळात उजेड कमी. दिवा घेतल्याशिवाय आत पाय टाकता येत नसे. या खोलीत घरातल्या सुनांची आणि माहेरी आलेल्या लेकींची बाळंतपणं होत. खिडकी का नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं होतं. बाहेर सुपाऱ्यांमधून जी पायवाट जाते ती देवचाराची. देवचार म्हणजे आमच्याकडे गावाची राखण करणारा. हातात दांडा, पायांत वहाणा, रोज आपल्या ठरल्या वाटेनं फेरी मारतो. त्याच्या वाटेवर घराचं दार-खिडकी उघडायची नसते. त्यातून बाळंतिणीची खोली म्हटल्यावर विचारायलाच नको.

माझ्या पाठीवरची दोन भावंडं त्या खोलीत जन्मली आणि त्याच खोलीत गेली. पहिल्याचा आवाज मी ऐकला होता. दुसऱ्याचा आवाज आला नाही. प्रत्येक वेळी आई तिथून बाहेर आली ती उजेडात डोळे बारीक करत, अनोळखी गावात उतरल्यासारखी. तिला कुणी काही बोललं नाही, हे मी कबूल करते. आमच्या घरात दुष्ट कुणी नव्हतं. पण न बोलण्याचेही प्रकार असतात आणि मुलींना ते लवकर कळतात.

घराचा कारभार आबांकडे होता. आबा म्हणजे माझे थोरले काका, माझ्या वडिलांचे, अण्णांचे, मोठे भाऊ. उंच, उघड्या अंगाचे, बागेतला प्रत्येक माड स्वभावासकट ओळखणारे. ‘हो लबाड आसा, एक वर्सा आड धरता’ असं झाडाबद्दल बोलायचे. काकी लवकर वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्यांची सगळी माया या घरावर. पावसाळ्याआधी कौलं फिरवताना ते स्वतः वर चढायचे. माझ्यावरही त्यांचा जीव होता, बाजारातून येताना माझ्यासाठी खडखडे लाडू चुकले नाहीत. पण आई आणि आबा एकमेकांशी बोलत नसत. भांडण म्हणून नव्हे, रीत म्हणून. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर उभं राहायचं नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, तिची सावलीही त्यांच्यावर पडता कामा नये. मग घर चालायचं कसं? माझ्यामार्फत. आई दाराआडून म्हणायची, ‘शाले, आबांक विचार, ताट वाडू काय?’ तीन हातांवर बसलेले आबा सगळं ऐकत असत, तरी मी वळून तेच विचारायचं. मग ते म्हणायचे, ‘आवशीक सांग, वाड.’ मी पुन्हा वळायचं. दोघांच्या मधलं माझं ते तारेच्या खांबासारखं उभं राहणं मला मोठं मानाचं वाटायचं.

त्या वर्षी आईला पुन्हा दिवस होते. पाऊस जोरात होता आणि एका दुपारी तिनं मला हाक मारून काळोखीत नेलं. हातात दिवा होता. बाहेरच्या भिंतीवर ओल आली होती, त्यात नवल काही नव्हतं, आमच्याकडे पावसात भिंतीच काय, माणसंही ओलसर असतात. पण तिनं दिवा जवळ धरला आणि ओलीच्या कडेवरून बोट फिरवलं. वर, मग आडवं, मग खाली.

‘शाले, ओल कधी चौकोनी येता गो?’ ती म्हणाली.

मला काही कळलं नाही. तिनं माझी मूठ धरून भिंतीवर आपटवली. इथे घट्ट आवाज, तिथे पोकळ. ‘दोन खेपेक ह्या भितीकडे बगत निजलंय मी,’ ती म्हणाली, ‘हंय खिडकी होती. कोणी तरी बुजवल्यान.’

तिनं लगेच कुणाला सांगितलं नाही. ती चतुर्थीची वाट बघत होती, कारण चतुर्थीला जनाआते यायची. जनाआते म्हणजे आबा आणि अण्णांची सर्वांत मोठी बहीण, कट्टा गावी दिलेली, मोठ्या आवाजाची, मोठ्या हसण्याची. तिच्याएवढं घराचं जुनं कुणाला ठाऊक नव्हतं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी माटवी टांगून तिला बागेतली फळं बांधायचं काम चाललं होतं. काकड्या, नारळ, आंब्याचे टाळे, आणि मधोमध केळ्यांचा घड. आबा स्टुलावर उभे राहून गाठी मारत होते, अण्णा खालून देत होते, आजूबाजूला मुंबईहून आलेले चुलते, त्यांची मुलं, बागेतले गडी. आणि आईनं दाराआडून अगदी सहज विचारलं, ‘वन्सं, त्या काळोखीत आदी खिडकी होती काय वो?’

‘होती मगे!’ आते केळ्यांचा घड उचलत म्हणाली. ‘बाळतीणीची खोली ती मागीर झाली. आदी थंय बाबा केळी पिकत घालीत. उजेड-वारो इलो की केळी सारकी पिकनत नाय, म्हणान खिडकी बुजवल्यानी. आमका वास येय, पण केळा हाताक गावा नाय!’

‘आणि देवचाराची वाट?’ कुणीतरी विचारलं.

आतेला हसू आवरेना. ‘अरे, तो देवचार ह्या आबासाठी! हो मेलो केळी चोरी. भियां घालूक बाबांनी सांगल्यानी, भायर देवचार फिरता, केळ्याक हात लायलस तर हात धरतलो. दोन रात्री माझ्या कुशीत निजलो हो!’

सगळे हसले. गडी हसले, मुंबईची मुलं हसली, अण्णा मान खाली घालून हसले. मी तर खो खो हसले. आबा स्टुलावर तसेच उभे होते, हातात सुंभाचं टोक. त्यांच्या बायकोचं बाळंतपण त्याच खोलीत झालं होतं आणि ते मूलही जगलं नव्हतं, काकीही उठल्या नव्हत्या, हे त्या क्षणी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्या तर ते फार वर्षांनी ध्यानात आलं. एवढ्या मोठ्या दुःखाचं कारण केळ्यांचा घड निघावा, हे कुठल्या माणसाला मान्य होईल? ते खाली उतरले आणि आतेला म्हणाले, ‘बापाशीचा बोलणा हसण्यावारी नेव नको.’

पण हसू एकदा घरभर झालं की ते परत कोंडता येत नाही. चतुर्थी उरकल्यावर आईनं अण्णांच्या मागे लकडा लावला. खिडकी नाही तर मी बागेतल्या मांगरात, त्या अवजारांच्या खोपीत बाळंत होते, पेंढ्यावर, म्हणाली. अण्णांनी आयुष्यात मोठ्या भावासमोर मान वर केली नव्हती. ते आबांसमोर जाऊन उभे राहिले आणि इतक्या हळू बोलले की मला बाजूला सरकून ऐकावं लागलं. ‘दादा, जल्माक येतला त्या पोराक तरी उजेड होयो.’

आबांनी सुपारीच्या शेंड्याकडे बघितलं. मग म्हणाले, ‘उघड. पण गाराणा घालून उघड. आणि काय बरावायट झाला तर माझ्याकडे येव नको.’

नारळ, कोंबडा, नव्या वहाणा असं सगळं त्या पायवाटेवर ठेवून गाऱ्हाणं घातलं. ‘बा देवा म्हाराजा, लेकरांनी तुझ्या वाटेर खिडकी उघडली हा, काय चुकला तर पदरात घे रे म्हाराजा!’ सगळ्यांनी ‘होय म्हाराजा!’ म्हटलं, आणि पास्कू मेस्त या गवंड्यानं भिंतीत पहार घातली. पास्कू ख्रिश्चन, आरवलीच्या बाजूचा. त्याला भीती वाटत नाही का असं मी विचारलं तर म्हणाला, ‘भियां वाटता गो बाय, पण मजुरी मिळाली की कमी वाटता.’ बुजवलेले चिरे निघाले, वरची फणसाची तुळई शाबूत होती, आणि सकाळचं ऊन आत पडलं.

त्या उजेडात मी पहिल्यांदा ती खोली पाहिली. भिंती काजळीनं काळ्या. पण बाळंतिणीच्या बाजेच्या वर, हात पोचेल तेवढ्या उंचीवर, भिंत चकचकीत होती. तेलकट. बोटांच्या खुणा एकीवर एक, इतक्या की वेगळ्या ओळखू येत नव्हत्या. कळा देताना ज्या ज्या बायकांनी भिंत धरली होती त्यांच्या हातांच्या त्या. आईनं त्यावर आपला हात ठेवून पाहिला आणि ती बाहेर गेली. मला रडू आलं. पास्कूनं डोक्यावरचं फडकं काढलं.

दिवाळी होऊन गेली, थंडी पडायला लागली आणि आईला कळा सुरू झाल्या. आते मुद्दाम येऊन राहिली होती. खिडकीला झडप बसायची होती, तिथे पोतं टांगलं होतं. मी माजघरात बसून आटवल, म्हणजे बाळंतिणीचा मऊसूत भात, ढवळत होते आणि वर माळ्यावर एक नारळ सुटून गडगडत चालला होता, हे माझ्या लक्षात राहिलंय. तो भिंतीला आपटून थांबला. मग काहीच आवाज आला नाही. आते बाहेर आली ती पदर तोंडाला लावून. मुलगा होता. तो रडलाच नाही.

आबा बल्कांवावर बसले होते. ते कुणावर ओरडले नाहीत. ‘बगलास?’ एवढंच म्हणाले, तेही अण्णांना नव्हे, खाडीकडे तोंड करून. गावानं मात्र हवं ते म्हटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पास्कूला बोलावणं पाठवलं. काढलेले चिरे अजून सुपारीखालीच रचून ठेवलेले होते. आणि चुना कालवायला कोण बसलं? माझे अण्णा. ज्यांनी खिडकी मागितली होती तेच धोतर खोचून फावड्यानं चुना आणि वाळू फिरवत होते. बापाला नावं ठेवू नयेत म्हणतात, आणि पुढे आयुष्यभर ते माझ्याशी फार चांगले वागले. पण त्या चुन्याचा तो चपचप आवाज मी त्यांना माफ केलेला नाही.

मी खोलीत आईजवळ होते. सुवेर, म्हणजे बाळंतपणाचं सोयर, असल्यामुळे मोठं कुणी शिवायला येत नव्हतं, मीच पाणी देत होते. बाहेर चिरे हलवल्याचा आवाज झाला तशी ती उठून बसली. पिवळी पडली होती, केस मोकळे. भिंत धरत धरत खिडकीपाशी गेली, पोतं ओढून खाली टाकलं आणि चिऱ्याच्या त्या रुंद भिंतीत, खिडकीच्या पोकळीतच, पाय जवळ घेऊन बसली. तोंड बाहेर, बागेकडे.

बाहेर तीन माणसं होती. पास्कू थापी घेऊन, अण्णा चुन्याचं घमेलं घेऊन, आणि मागे आबा. आईला पाहिल्याबरोबर आबांनी नजर वळवली. रीतच होती. मान तिकडेच ठेवून ते म्हणाले, ‘शाले, आवशीक सांग, उतर म्हणान. ओली बाळतीण ती, वारो बादात.’

मी सवयीनं तोंड उघडलं. आई म्हणाली, ‘तू गप रव.’

मग तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि नीट आबांकडे बघितलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. ‘भावजी,’ ती म्हणाली, ‘माझ्याकडे बगून बोला.’

आबांची मान वळली नाही. ती बोलत राहिली. आवाज मोठा नव्हता, पण बागेत पानही हलत नव्हतं. ‘तुमका वाटला, ही खिडकी मी पोरासाठी मागलंय. तुमच्या भावाकय तसाच वाटला. पोरासाठी न्हय, मी माझ्यासाठी मागल्लंय. पोर गेला. मी आसंय मा अजून? माका हंयच निजूचा आसा.’

तिला हात धरून उतरवणं शक्य नव्हतं. आबा तिला शिवू शकत नव्हते, पास्कू परका, आणि सुवेरातल्या बाईला कोण शिवणार? अण्णा नवरा होते, ते शिवू शकले असते. ते घमेलं धरून उभे होते. आईनं त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी ते हळूच खाली ठेवलं. पास्कूनं थापी पोत्यात गुंडाळली आणि ‘येतंय’ म्हणून गेला. आबा म्हणाले, ‘शाले, आवशीक सांग...’ आणि थांबले. तोंड तसंच अर्धं उघडं ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले, मग सुपाऱ्यांमधून निघून गेले, त्या देवचाराच्याच वाटेनं.

सुवेर फिटेपर्यंत आई दिवसा त्या खिडकीत बसायची. कालवलेला चुना बाहेर तसाच पडून वाळला, दगड झाला. पुढे त्याच्यावर बसून आम्ही भाजलेल्या काजूबिया फोडायचो. आबांनी खिडकीचा विषय पुन्हा काढला नाही. आईला पुढे मूल झालं नाही. आणि एक गोष्ट गमतीची म्हणा की दुःखाची, त्या दिवसापासून आई आबांशी थेट बोलायला लागली. ‘भावजी, जेवूक येवा,’ असं. आबा आधी दचकायचे, मग ‘इलंय’ म्हणायचे. अण्णांशी मात्र ती कित्येक महिने बोलली नाही. काही हवं असलं तर म्हणायची, ‘शाले, बापाशीक सांग.’

परवा शहरातल्या कॉलेजातली मुलं घर मोजायला आली होती. आपण होऊन पुढच्या पायऱ्या बघायला गेली म्हणून मला आवडली. शिंपल्यांच्या खिडक्यांचे त्यांनी खूप फोटो काढले. काळोखीत आल्यावर एक मुलगी टेप धरून थांबली. खिडकीच्या कडा ओबडधोबड, चिरे उघडे, गिलावा नाही, झडपही कामचलाऊ फळ्यांची. मी तिला सांगितलं नाही, की आई जिवंत होती तोवर चुना घेऊन त्या खिडकीजवळ कुणाला फिरकू दिलं नाही, गिलाव्यासाठीसुद्धा नाही. चुना घेऊन येणाऱ्यांवरचा तिचा विश्वासच उडाला होता. शेवटचं दुखणंही तिनं त्याच खोलीत काढलं, बाज खिडकीला लावून.

‘आजी, हे काम अर्धवट का राहिलं?’ मुलीनं विचारलं. तिनं आपल्या नकाशात त्या चौकोनाशेजारी तसं लिहिलंही होतं. मी चष्मा लावून वाचलं आणि तिला ते खोडायला लावलं.